गाणे ऐका, पण कान राखून

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. बाहेर ऊन असे की रस्त्यावर चिटपाखरू नाही, पण दवाखान्यात गर्दी. पडद्यापलीकडे सिस्टरने एका लेकराचे वजन केले आणि तिथूनच सांगितले, "सर, सहा किलो!" कूलर घरघरत होता. मी ऐकले, "दहा किलो." तापाच्या औषधाचा हिशेब वजनावर असतो. किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल धरले तर सहा किलोच्या बाळाला एका वेळी ९० मिलिग्रॅम, दहा किलोच्या बाळाला १५०. मी १५० चा डोस लिहून मोकळा झालो. बाळ आईच्या पदराखाली होते, लिहिण्याआधी मी पुन्हा पाहायला हवे होते. ती चूक माझीच.

औषध समजावून सांगताना सिस्टर थबकली. चिठ्ठी घेऊन परत आत आली आणि म्हणाली, "सर, दहा नाही, सहा म्हटलं होतं मी."

बाळाचे काही बिघडले नाही, कारण औषध पोटात जाण्यापूर्वीच चूक सापडली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात चंद्रपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे जाऊन कानांची तपासणी करून घेतली. ऑडिओमेट्रीच्या आलेखात दोन्ही कानांची रेघ ४००० हर्ट्झपाशी खळग्यासारखी खाली गेलेली. मोठ्या आवाजाने कानाला मार बसतो तेव्हा बहुतेकदा असाच खळगा दिसतो. स, श, फ यांसारखी व्यंजने बारीक, उंच पट्टीच्या आवाजांनी ओळखू येतात. तो भाग गेला की माणसाला "ऐकू येते, पण समजत नाही" अशी अवस्था होते. "सहा"चा "दहा" होतो तो असा.

मित्राने विचारले, "कानाला काय लावतोस?" मी म्हणालो, "स्टेथोस्कोप." तो हसला. "आणि रात्री?"

रात्रीची कुजबुज

रात्री मी गाणे ऐकतो. नागपूरला मेडिकलच्या होस्टेलमध्ये वॉकमनची सवय लागली, ती सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी मुलाने पुण्याहून चांगला मोठा हेडफोन आणून दिला. त्याच्या वाट्यांना मागच्या बाजूने जाळी आहे. याला मागून उघडा हेडफोन म्हणतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली या जातीचा पहिला हेडफोन बाजारात आणला. वॉकमनबरोबर येणारे स्पंजचे हलके हेडफोनही याच कुळातले. जाळीमुळे वाटीत आवाज कोंडत नाही. गाणे डोक्यात न वाजता समोर बैठक बसल्यासारखे वाटते, कानही तापत नाहीत. ऐकायला गोड, यात वाद नाही.

पण जाळीतून आतला आवाज बाहेर जातो, तसा बाहेरचा आतही येतो. आमच्या घरी आई त्याच खोलीत झोपते, वय ऐंशीच्या वर. एका रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, "कोण कुजबुजून राहिलं रे?" माझ्या हेडफोनमधली भैरवी तिला कुजबुजीसारखी ऐकू येत होती. त्या वेळी आम्ही सगळे हसलो. त्यात माझ्या कानांविषयीही काही सांगितले जात होते, हे तेव्हा कळले नाही. कुजबुज खोलीच्या पलीकडच्या खाटेवर पोचत होती, म्हणजे माझ्या कानाशी आवाज किती असेल?

आपली घरे आणि तो हेडफोन

उघडा हेडफोन शांत खोलीसाठी आहे. आता आपली भद्रावती पाहा. एका अंगाला माजरीच्या कोळसा खाणी, एका अंगाला आयुध निर्माणी, मधून नागपूर-चंद्रपूर रस्ता आणि त्यावर ट्रकांची रांग, भांदक स्टेशनवरून रात्रंदिवस धावणाऱ्या दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या. आणि घरात? मार्च ते जून कूलर. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तिथे कूलर बंद ठेवा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण कूलरची घरघर जाळीतून सरळ कानात येते. मग गाण्यातली तान ऐकू यावी म्हणून आपण आवाज वाढवतो. घरघर गाण्याखाली दडते आणि आपल्याला वाटते, आता बरे. प्रत्यक्षात कानावर आता दोघांचाही भार असतो.

हिशेब करून पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, मुलांना ७५ डेसिबल ४० तास. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५ तास. समजा, कूलरवर मात करण्यासाठी मी ८६ डेसिबलवर ऐकत होतो. रोजचे दोन तास, आठवड्याचे १४. दहाची मर्यादा शुक्रवारीच संपली, पुढचे सगळे उधारीवर.

ही उधारी फेडता येत नाही. अंतःकर्णात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी एका कानात सुमारे १५ हजार असतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, टॉनिक नाही, कानात घालायचे तेल तर नाहीच.

माझ्या कानांचा सगळा दोष हेडफोनवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यात वय आहे, मोटारसायकलवरची वर्षे आहेत, दवाखान्यातला कूलर आहे, मिरवणुकांतले डीजे आहेत. पण या सगळ्यांत मी स्वतःच्या हाताने वाढवत होतो तो आवाज एकच. म्हणून बदलही तिथेच केला.

मागून बंद हेडफोन

मी मागून बंद हेडफोन घेतला. याच्या वाटीला जाळी नसते, पाठ बंद असते आणि गादी कानाभोवती घट्ट बसते. बाहेरचे आवाज कमी आत येतात, त्यामुळे गाणे हळू लावले तरी पुरते. आतलेही फारसे बाहेर जात नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आवाजाची सगळी मजा घालवलीत!" त्याचे खरे आहे. बैठक समोरून उठून डोक्यात आल्यासारखी वाटते, खालचे सूर थोडे घुमतात. आठ-पंधरा दिवसांत सवय झाली. मजा थोडी गेली, पण आवाजाची पट्टी पूर्वीच्या निम्म्यावर आली.

माझे म्हणणे एवढेच. हेडफोन निवडताना कानाला काय गोड लागते ते नंतर पाहा, आपण तो कुठे बसून ऐकणार ते आधी पाहा. पुण्याच्या बंद खोलीत मुलाला जो योग्य, तो भद्रावतीत कूलरसमोर योग्य असेलच असे नाही. खाणीत किंवा कारखान्यात पाळी करणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याने फार पूर्वीच कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत घातला. कामावरच ज्यांचा आवाजाचा वाटा संपतो त्यांच्या कानांना घरी विश्रांती हवी. शिवाय रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी झोपलेला असतो आणि त्याच खोलीत पोरगा गाणे ऐकत असतो. उघडा हेडफोन तिथे बापाची झोपही खातो.

घेताना काय पाहावे? दुकानात आधी काहीही न वाजवता हेडफोन कानाला लावा. दुकानातला पंखा, रस्त्यावरचे बोलणे किती मंदावते ते पाहा. मंदावत नसेल तर तो बंद हेडफोन नावापुरता. पूर्ण कान वाटीच्या आत मावला पाहिजे, पाळी दुमडता कामा नये. चष्मा असेल तर चष्म्यासह लावून पाहा. काडीमुळे गादीला फट राहते आणि त्या फटीतून सगळा उपयोग वाहून जातो. दहा मिनिटे तसेच बसा. कपाळ आवळले तर घरी तासभरही टिकणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. नुसती बंद वाटी बारीक आवाज बऱ्यापैकी अडवते, पण कूलरसारखी खालच्या पट्टीची घरघर बरीचशी आत येतेच. तीवर यंत्राने उलट लहर सोडून आवाज मारणारे हेडफोन मिळतात, ते घरघरीला चांगले लागू पडतात. किंमत अर्थातच जास्त. त्याआधी फुकटातले उपाय करा. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा, पंख्याचे स्क्रू आवळा, पंपाला पाणी कमी पडू देऊ नका. माझा कूलर मिस्त्रीने अर्ध्या तासात निम्मा शांत केला.

बंद म्हणजे अभय नव्हे

बंद हेडफोन आणला आणि आवाज पूर्वीइतकाच ठेवला, तर फायदा शून्य. मोबाइलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय असते, ती लावा. साधारण साठ टक्क्यांच्या वर जाऊ नका. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवा. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा लोकांचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटत असेल, तर कान तक्रार करतो आहे असे समजा.

दुसरे, आपला उन्हाळा. बंद वाटीत कान घामेजतो. ओलसर कानात बुरशी धरते, खाज सुटते, मग लोक काडी घालतात नाहीतर लसणाचे तेल सोडतात, आणि दुखणे वाढवून माझ्याकडे येतात. आंघोळीनंतर कान कोरडे झाल्याशिवाय हेडफोन लावू नका, गादी कोरड्या फडक्याने पुसा, दुसऱ्याच्या वाहत्या कानाचा हेडफोन वापरू नका.

तिसरे, घर. बंद हेडफोन लावला की घरातल्यांची हाकही बंद होते. आई रात्री उठते, तिला आधार लागतो. म्हणून ती जागी असेतो मी हेडफोन लावत नाही, आणि लावला तर सौ.ला सांगून. रस्त्यावर आणि गाडी चालवताना तर दोन्ही जातींचे हेडफोन वर्ज्य.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा. अशा बहिरेपणावर लवकर उपचार झाले तरच गुण येण्याची आशा जास्त. पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी २०२४ च्या जूनमध्ये आपल्याला अचानक आलेल्या बहिरेपणाची माहिती जाहीर केली. कारण विषाणूचा आघात असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते, हेडफोन नव्हे. तरीही त्यांनी चाहत्यांना मोठ्या आवाजाच्या संगीतापासून आणि हेडफोनपासून जपण्याचा सल्ला दिला. आयुष्य गाण्यात घालवलेल्या बाईंचे हे सांगणे आहे, मनावर घ्यावे.

पन्नाशी उलटलेल्या वाचकांनी एकदा कान तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर काढायला आपण लाजत नाही, मग कानाची लाज कशाला? चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

माझा खळगा भरून येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तो आणखी खोल जाऊ नये एवढेच माझ्या हातात आहे. आई म्हणते, आता रात्री कोणी कुजबुजत नाही. आणि सिस्टर लेकराचे वजन आता ओरडून सांगत नाही, कागदावर लिहून टेबलावर आणून ठेवते. मी तो आकडा वाचतो, एकदा बाळाकडे पाहतो आणि मगच पेन उचलतो.