थंडावा देणारी पेटी की फ्रिज?

मागच्या आठवड्यात एक जुना विद्यार्थी घरी आला होता. शाळेत असताना मागच्या बाकावर बसायचा, आता दिवेआगरात त्याची स्वतःची सुपारीची वाडी आहे. वाडीच्या कडेला त्याला पर्यटकांसाठी चार तंबू लावायचेत. चहा झाल्यावर त्याने खिशातून मोबाईल काढून एक चित्र दाखवलं. "सर, हा कॅम्पिंगचा फ्रिज. गाडीच्या बारा व्होल्टवर चालतो. सहा हजार फक्त. चार तंबूंना चार घेऊ का?"

मी म्हटलं, "अरे, हा फ्रिज नाही. फ्रिजचं सोंग आहे."

तो हसला. मी मराठी आणि इतिहास शिकवलेला बी. ए. माणूस, मला यंत्रातलं काय कळणार, असा त्या हसण्याचा अर्थ. त्याचंही बरोबर आहे. पण हा विषय मी वर्गात शिकलो नाही, घरात शिकलो, आणि महागात शिकलो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. वीज कधी येणार हे कोणालाच सांगता येईना. घरातला फ्रिज म्हणजे एक पांढरं कपाट झालं. त्या कपाटात सौ.च्या इन्शुलिनच्या तीन न उघडलेल्या बाटल्या होत्या. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. टाळेबंदीचे दिवस, रस्त्यावर झाडं पडलेली. नवीन बाटली कुठून आणणार?

मुलाने आदल्या वर्षी हौसेने अशीच एक गाडीतली पेटी पाठवली होती. ती शेजाऱ्यांच्या गाडीला जोडली आणि आत थर्मामीटर ठेवला. भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली ३७ अंश होते. दोन तासांनी पेटीत २१ झाले. दुसऱ्या दिवशीही २१ च. त्याच्या खाली काटा हलायला तयार नाही, आणि तोवर गाडीच्या बॅटरीने मान टाकली.

असं का झालं, ते नंतर शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी समजावलं. या स्वस्त पेट्यांत कॉम्प्रेसर नसतोच. १८३४ साली पेल्टियर नावाच्या फ्रेंच माणसाला दिसलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. तेच तत्त्व इथे वापरलेलं असतं. तत्त्व खोटं नाही, पण त्याची ताकद बेताची. अशी पेटी बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंश खाली जाते, फार तर. महाबळेश्वरला २२ अंशांच्या हवेत ती झकास चालेल. पण आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीत सहज ५० अंश होतात. पन्नासातून वीस वजा करा. उरले तीस. तीस अंशांतल्या सुरमईचं काय होतं, ते आमच्या भरडखोलच्या कोळणीला विचारा!

दुसरी गोष्ट विजेची. अशी पेटी साधारण ४८ वॅट घेते, म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर. आणि हवं तितकं गार कधी होतच नसल्यामुळे ती अखंड चालत राहते. रात्री आठ ते सकाळी सहा, दहा तासांत ४० अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरीच तेवढी असते. गेल्या मे महिन्यात सुरूच्या बनाजवळ उतरलेल्या एका कुटुंबाची सकाळी हीच गत झाली. मासळी वासाला लागली आणि गाडी सुरू होईना. दोन्ही कामं एकाच पेटीने एकाच रात्रीत केली.

माझा राग वस्तूवर नाही. गार केलेलं पाणी चार तास गार ठेवायला ती बरी आहे. राग आहे तो तिला फ्रिज म्हणून विकण्यावर. खोक्यावर लिटर मोठ्या अक्षरांत, रंग मोठ्या अक्षरांत, आणि 'बाहेरच्या तापमानापेक्षा इतके अंश कमी' हे वाक्य मुंगीच्या अक्षरांत. ज्याच्या आयुष्यातले सहा हजार सहज जाणारे नसतात, तोच स्वस्त म्हणून ती घेतो. श्रीमंताला फसवणं कठीण नसतं, पण त्याला ते परवडतं. गरिबाला स्वस्त वस्तू दोनदा घ्यावी लागते.

आता दुसऱ्या बाजूचे लोकही मला माहीत आहेत. "यंत्र कशाला? मातीचा फ्रिज घ्या!" गुजरातेतल्या वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रिज बनवला, त्याचं कौतुक मलाही आहे. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बांनी एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मध्ये ओली वाळू भरली आणि शेतकऱ्यांची भाजी वाचवली. पण ती कोरडी मुलुखं आहेत. पाणी उडून गेलं तरच मडकं गार होतं. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं मडकं २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं. आमच्याकडे मे महिन्यात ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते, तिथे मडकं कितीही मनापासून पाझरलं तरी २९ च्या खाली जात नाही. ज्या हवेत धोतर वाळत नाही, त्या हवेत मडकं काय गार होणार? मीही त्या जून महिन्यात बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवून पाहिल्या होत्या. २९ अंश. देशी म्हणून सगळं सगळीकडे चालतं असं नाही.

मग इन्शुलिन वाचलं कसं? चौथ्या दिवशी रस्ता थोडा मोकळा झाल्यावर भरडखोलचा एक माजी विद्यार्थी मासळीची थर्माकोलची पेटी घेऊन आला. तळाला वीज असलेल्या गावातून आणलेल्या बर्फाचा चुरा, त्यावर जाड गोणपाट. इन्शुलिन गोठलं तर वाया जातं, म्हणून बाटल्या डब्यात घालून गोणपाटावर ठेवल्या. थर्मामीटर ७ अंशांवर आला. सौ.ने इतकंच म्हटलं, "कोळ्याच्या पोराला जे कळलं ते तुमच्या मुलाला कळलं नाही." त्या चार दिवसांत न उघडलेल्या बाटल्या बिघडल्या नव्हत्या हे आमचं नशीब. नशिबावर औषध ठेवू नये.

बर्फाचा हिशोबही ऐका. एक किलो बर्फ वितळताना साधारण ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. दहा किलोची लादी म्हणजे ९३० वॅट-तास. गाडीची ४० अँपिअर-तासांची अख्खी बॅटरी ४८० वॅट-तासांची, आणि ही पेल्टियरची पेटी एवढी वीज खाऊन तेवढी उष्णतासुद्धा बाहेर टाकत नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडलं, तरी शंभरेक टन बर्फ शिल्लक होता. यंत्र कुठलंच नव्हतं. होतं ते फक्त जाड अस्तर.

विद्यार्थी म्हणाला, "सर, बर्फ वितळतो. सगळं ओलं होतं. रोज आणायचा कोणी?" हा आक्षेप खरा आहे. बर्फाला कष्ट आहेत. दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल, किंवा औषध ठेवायचं असेल, तर कॉम्प्रेसरचाच फ्रिज घ्यावा. त्याची किंमत या पेटीच्या तिप्पट-चौपट पडते, पण तो आत हवं तितकं गार झालं की थांबतो, आणि चांगल्या यंत्रात बॅटरी उतरू लागली की आपोआप बंद होण्याची सोय असते. म्हणून मी त्याला सांगितलं, चार सोंगं घेण्यापेक्षा एकच खरा घे, तोही घरच्या विजेवर ठेव. आणि तंबूंना चार जाड भिंतींच्या बर्फाच्या पेट्या दे. झाकण वरून उघडणारं हवं, कारण गार हवा जड असते, पुढून दार उघडलं की ती सांडते. पेयांची पेटी वेगळी, मासळीची वेगळी, नाहीतर पोरं दर दहा मिनिटांनी झाकण उघडतात. पेटी आदल्या रात्रीच थोडा बर्फ घालून गार कर, आणि सावली सोडू नकोस.

दुकानात गेलात तर तीनच प्रश्न विचारा, वाचकहो. यात कॉम्प्रेसर आहे का? बाहेर ४० अंश असताना आत किती होतात? आणि रात्रभरात किती अँपिअर-तास खातो? विक्रेत्याने तिसऱ्या प्रश्नावर रंग दाखवायला सुरुवात केली, की छत्री उचला आणि निघा.

विद्यार्थी जाताना म्हणाला, "सर, परीक्षेत एवढे मार्क दिले असते तर!" मी म्हटलं, "तेव्हा तू प्रश्न विचारत नव्हतास." सौ. आतून हसली. आमच्या फ्रिजवर थर्माकोलची ती पेटी अजून ठेवलेली आहे. दर मे महिना संपत आला की मी ती खाली काढतो, धुतो, उन्हात वाळवतो आणि जून उजाडायच्या आत परत जागेवर ठेवतो.