मोठ्या आवाजाची किंमत

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बारामतीहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्या भाच्याला चार शब्द सांग. बोनस हाती पडण्याआधीच त्याला पाय फुटलेत!"

पाय फुटले होते ते मोटारीतल्या ॲम्प्लिफायरसाठी. विजेशी आमचा चाळीस वर्षांचा घरोबा, म्हणून हे काम आमच्याकडे आले.

दुकानात तीन यंत्रे मांडलेली. साडेचार हजारांच्या यंत्रावर ठळक आकडा, '१००० वॅट'. नऊ हजारांचे २०० वॅटचे, म्हणजे चार स्पीकरना पन्नास-पन्नास. आणि अठ्ठावीस हजारांचे ३०० वॅटचे. भाचा गोंधळला. "मामा, वॅट कमी आणि दाम जास्त, हे कसे?"

आम्ही म्हटले, "खोके ठेव बाजूला, फ्यूज बघ."

वाचकहो, फ्यूज म्हणजे चाळीतला नळ. आत जेवढे येईल त्याहून अधिक बाहेर कुठून निघणार? स्वस्त यंत्राचा फ्यूज २० अँपिअरचा. इंजिन चालू असता मोटारीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. गुणाकार करा: २८० वॅट. जुन्या घडणीच्या यंत्रात त्यातले निम्मे उष्णतेत जातात. नव्या 'डी' वर्गाच्या यंत्रात ऐंशी टक्क्यांच्या आसपास हाती लागतात. म्हणजे कसाही हिशेब केला तरी हजार काही होत नाहीत! मधल्या यंत्राचा फ्यूज ३० अँपिअरचा. त्याचे २०० वॅट हिशेबात बसत होते. म्हणून खरेदी करताना 'कमाल' वॅट पाहू नयेत, 'आरएमएस' म्हणजे सतत मिळणारे वॅट पाहावेत.

मग महागडेच का नको? ते खोटे नव्हते. त्यात खरखर कमी, उन्हातान्हात टिकाव जास्त. पण स्पीकरमागे पन्नासाऐवजी पंचाहत्तर वॅट मिळाले म्हणून आवाज दीडपट होत नाही. फरक पडतो दोन डेसिबलहूनही कमी. धावत्या मोटारीत तो कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला वीज सुमारे दहापट लागते. त्यापेक्षा चांगल्या तांब्याची जाड तार घ्यावी आणि बॅटरीपासून हातभराच्या आत वेगळा फ्यूज बसवावा. पैसे तिथे सार्थकी लागतात आणि आगीचा धोकाही टळतो.

भाचा तरी महागड्याकडेच पाहत राहिला. दुकानाबाहेर चहा घेताना हळूच म्हणाला, "मामा, हौस माझी नाही. बाबांना ऐकू येत नाही. गाणे लावले की नुसते खिडकीबाहेर बघत बसतात."

आम्ही गप्पच झालो. मेहुण्यांची तीस वर्षे साखर कारखान्यात, उसाच्या चरकाशेजारी गेलेली. अशा गोंगाटाने कानाचे आधी वरचे सूर जातात. 'स', 'श', 'थ' ही अक्षरे पुसट होतात. आवाज नुसता मोठा केला, तर ठोका वाढतो आणि शब्द त्याखाली दबतो. हे दुखणे वॅटने बरे होणारे नव्हते.

भाच्याने नऊ हजारांचे यंत्र घेतले. उरलेले एकोणीस हजार निराळे ठेवले. मेहुण्यांनी "माझे काय, चालले आहे की!" म्हणून महिनाभर टाळाटाळ केली. अखेर बहिणीने डोळ्यांत पाणी आणले, तेव्हा कान तपासून घ्यायला तयार झाले. त्या पैशांत थोडी भर घालून श्रवणयंत्र आले.

मार्गशीर्षात आम्ही सारे इंदापूरला निघालो. भवानीनगर मागे पडले. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, त्यांची दणदणीत गाणी. निमगाव केतकीच्या अलीकडे भाच्याने वडिलांचे आवडते नाट्यगीत लावले आणि सवयीने आवाज चढवला.

मागच्या सीटवरून मेहुणे म्हणाले, "अरे, जरा कमी कर. शब्द ऐकू दे."

बहीण खिडकीबाहेर पाहू लागली. भाच्याने मुकाट्याने आवाज कमी केला.