डोकं बंद, मोटर चालू

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये दीड वर्ष एक रोबोट बसून होता. एका बाजूला पितळी समई, दुसऱ्या बाजूला लेकीला शाळेत मिळालेली ढाल आणि मध्ये हे निळं, चार चाकांचं प्रकरण. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक जण विचारायची, ‘‘अय्या, हा चालतो का हो?’’ आणि मी पटकन तिळगुळाचा डबा पुढे करायचे. कारण त्याचे मी साडेबारा हजार मोजले होते, क्लासची फी वेगळी, आणि तो जेमतेम आठ महिने चालला होता.

झालं होतं असं. आमच्या डोंबिवलीत अबॅकस आणि वेदिक मॅथ्सच्या जोडीला आता रोबोटिक्सचे क्लास निघालेत. लेक तेव्हा सहावीत. तिला जायचंच होतं. घरात अपेक्षित चर्चा झाली: ‘मुलीला कशाला हे? त्यापेक्षा इंग्लिश स्पीकिंगला घाल.’ मी ऐकलं नाही. क्लासने दिलेलं किट मोबाइलच्या अॅपवर चालायचं आणि ते अॅप दरवेळी कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारून मगच कामाला लागायचं. एक दिवस कंपनीने धंदा गुंडाळला. त्या दिवसापासून रोबोट ढिम्म. चाकं शाबूत, बॅटरी चार्ज, पण हलायला तयार नाही.

पैसे गेल्याचं दुःख मी पचवलं असतं. लेक मात्र चार दिवस रडकुंडीला येऊन सांगत होती, ‘‘आई, मी खरंच काही मोडलं नाही गं.’’ आणि पुढे पुढे तर गणिताचा पेपर अवघड गेला तरी म्हणायला लागली, ‘‘मला मशिनचं, गणिताचं नाहीच जमत.’’ बंद पडली कंपनी आणि ‘जमत नाही’ हे शिकली मुलगी! मैत्रिणींनो, हा लेख लिहायला बसले ती याच रागातून.

मार्ग दाखवला तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने. ती आता नोकरीला लागली आहे, सकाळच्या फास्टला लटकून जाते. पण लॉकडाऊनमध्ये इंजिनीअरिंगला असताना ती रात्री-रात्री जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेली मी पाहिली होती, घरात रेंज मिळायची नाही म्हणून. मला वाटायचं परीक्षा असेल. ती करत होती ‘ई-यंत्र’ची स्पर्धा. ई-यंत्र हा पवईच्या आयआयटीतला प्रकल्प, तिथल्या कॉम्प्युटर विभागातले प्रा. कवी आर्य यांनी उभा केलेला, केंद्राच्या शिक्षण खात्याच्या मदतीने. २०१२ पासून त्यांची रोबोटिक्सची स्पर्धा होते. २०२०-२१ मध्ये कॉलेजं बंद, लॅब बंद. तेव्हा ‘वितरण ड्रोन’, ‘सहायक बॉट’ असे विषय मुलांनी घरात बसून कॉम्प्युटरच्या पडद्यावरच सोडवले. ड्रोन खोटा, पण त्याला लागणारं वजन, वारा, आपटणं खऱ्यासारखं. शंभरदा पडला तरी पंखा तुटत नाही आणि आईला नवा आणून द्यावा लागत नाही.

ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं, त्यांची नावं रॉस आणि गॅझिबो. दोन्ही फुकट. आणि नुसती फुकट नाहीत, ‘ओपन सोर्स’ आहेत, म्हणजे आतली कृती वाचता येते, बदलता येते आणि दुसरीला देताही येते. आपल्याला यात नवं काय? बाजारातला तयार मसाला आपण आणतो तेव्हा त्यात काय आणि किती ते कंपनीला ठाऊक. शेजारच्या काकूंनी गोड्या मसाल्याची कृती कागदावर लिहून दिली, तर दगडफूल कमी करायचं की खोबरं जास्त भाजायचं हे आपण ठरवतो. काकू गाव सोडून गेल्या तरी मसाला होतच राहतो.

अगदी हेच रॉसचं झालं. २००७च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना वाटलं, की रोबोट करणारा प्रत्येक जण तेच तेच पहिल्यापासून लिहीत बसतो. म्हणून सर्वांना वापरता येईल असा पाया घालायला घेतला. विलो गॅरेज नावाच्या कंपनीने तो वाढवला. याच कंपनीच्या पीआर-टू रोबोटला २०१० मध्ये बर्कलेच्या विद्यापीठातल्या मंडळींनी टॉवेलच्या घड्या घालायला शिकवलं. एका टॉवेलला किती वेळ लागायचा माहितीये? साधारण पंचवीस मिनिटं! (आमच्या सासूबाई हे ऐकून इतक्या हसल्या, की ठसका लागला.) पुढे २०१४ मध्ये विलो गॅरेज बंद पडली. पण कृती उघडी होती, सांभाळायला एक स्वतंत्र संस्था होती, म्हणून रॉस आजही जगभर चालतं. आमच्या निळ्या रोबोटची कंपनीही बंदच पडली होती. फरक काय, तो तुमच्या लक्षात आला असेल.

तर त्या मुलीने एका रविवारी आमचा रोबोट स्क्रू-ड्रायव्हरने उघडला, दोन वायरी बॅटरीला लावून पाहिल्या आणि म्हणाली, ‘‘काकू, मोटरी चांगल्या आहेत हो. डोकं तेवढं बंद आहे. डोकं बदलू.’’ लॅमिंग्टन रोडवरून चारपाचशे रुपयांत आर्डुइनोचा बोर्ड आला. हा २००५ मध्ये इटलीत जन्मला, विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावं म्हणून. त्याचा नकाशाच खुला, म्हणून कुणीही तसा बोर्ड बनवू शकतो आणि म्हणूनच तो आपल्याला परवडतो. २०२५ मध्ये क्वालकॉम या बड्या कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. पुढे काय होईल ते होवो, आधी वाटून झालेली कृती परत काढून घेता येत नाही.

मग ती लेकीला काळ्या पट्टीवरून गाडी चालवायला शिकवू लागली. ‘पीआयडी’ शब्द ऐकून मी स्वयंपाकघरात निघाले होते, तर तिने मलाच गॅसपाशी उभं केलं. ‘‘काकू, दूध तापवताना तुम्ही काय करता?’’ दूध गार असेल तर आंच मोठी, तापत आलं की कमी: जितकं अंतर तितका जोर, हा झाला पी. सिलिंडर संपत आलाय, दहा मिनिटं झाली तरी दूध तापेना, म्हणून आणखी थोडी वाढवतो: मागचं साचलेलं धरून चालणं, हा आय. आणि साय फुगून दूध वर यायला लागलं, की उतू जायच्या आधीच हात बटणाकडे जातो: बदलाचा वेग ओळखणं, तो डी. रोबोटला हे तीन आकडे द्यायचे. मला तर वाटलं, तीस वर्षं हेच करतेय की मी, फक्त कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

आता तर आकडे देण्याच्याही पुढची गोष्ट आहे. माणूस एक यांत्रिक हात धरून काम करून दाखवतो, दुसरा हात ते बघून शिकतो, पन्नासेक वेळा दाखवलं की बऱ्यापैकी नक्कल करतो. २०२४ मध्ये ‘लेरोबोट’ नावाचं असं शिकवण्याचं साहित्यही खुलं झालं. म्हणजे घड्या घालणं, भांडी लावणं ही आपली हातची कामं आता शिकवणीचा माल झाली आहेत. हे ज्ञान कुठल्या तरी एका कंपनीच्या कुलपात जाण्यापेक्षा उघड्यावर राहिलेलं मला बरं वाटतं. निदान आपल्या मुलींना ते उघडून तरी पाहता येईल.

उघडं म्हणजे सोपं, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि रॉस बसवायला दोन रविवार गेले. चूक झाली की लालभडक इंग्रजी ओळी येतात, त्यांचा अर्थ लावायला कुणीतरी जाणतं शेजारी लागतं. प्रत्येकीच्या तिसऱ्या मजल्यावर अशी ताई कुठून असणार? आयआयटीच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्स, लिबरऑफिससारखे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही केले आहेत, सुरुवात तिथून करता येते. रोबोटिक्सचं असं मराठीत फार थोडं आहे. ज्या मैत्रिणींना इंग्रजीही येतं आणि समजावून सांगण्याची हातोटीही आहे, त्यांनी इकडे वळावं असं मला फार वाटतं.

आणि क्लासची फी भरण्याआधी काउंटरवर एवढं विचाराच: तुमची कंपनी उद्या बंद झाली तर हे किट चालेल का? दुसऱ्या कुठल्या बोर्डावर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालवता येईल का? इंटरनेट नसताना हलेल का? समोरचा अडखळला, तर पर्स बंद करा. मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर पालकसभेत विचारा, की आठवड्यातून किती वेळा ती उघडते आणि बोर्डाला हात मुली लावतात, की मुलगे लावतात आणि मुली वहीत उतरवून घेतात.

आमचा निळा रोबोट सध्या पॅसेजमध्ये असतो. फरशीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे, तिच्यावरून जाताना अंगात आल्यासारखा डुलतो. चपलांच्या स्टँडपाशी वळण आहे, तिथे तो रोज भिंतीवर जातो. काल लेक वहीत आकडे खोडून मला म्हणाली, ‘‘आई, याचं दूध उतू जातंय. डी वाढवते.’’ वाढवला, तर जागच्या जागी थरथरायला लागला. आज शाळेतून आल्यावर पुन्हा बघणार आहे म्हणाली.