चिंध्यांचा कप्तान

चित्रातले कपडे पाहावेत, माणूस पाहू नये, असा दंडकच आपल्या काही रसिकांनी घालून घेतला आहे की काय, कोण जाणे! युरोपातील बरोक काळातल्या वेषधारी व्यक्तींची एचिंग्ज पुढे ठेवली, की ही मंडळी म्हणतात, "नाटकाच्या कपडेपटाला ठीक आहेत, कलेच्या प्रांतात यांचे काय काम?"

या विद्वानांनी झाक कालो (१५९२–१६३५) पाहावा. इटलीतून १६२१ साली तो आपल्या गावी, लोरेनमधील नान्सीला परतला. त्याच सुमारास त्याने दोन चित्रमाला केल्या. एकीत लोरेनचे अमीर-उमराव : बारा चित्रे. दुसरीत भिकारी : पंचवीस. भिकाऱ्यांच्या मालेचे मुखचित्र म्हणजे त्यांचा कप्तान. टोपीत पिसे, अंगावर लक्तरे, हातात फाटका ध्वज. त्या ध्वजावर लिहिले आहे, 'बारोनींचा कप्तान'. इटालियनमध्ये 'बारोने' म्हणजे सरदार आणि लुच्चाही! छापताना चित्र उलटे उमटते. म्हणून ती अक्षरे कालोने तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरली.

आता त्याची रेघ पाहा. पत्र्यावर तो तंतुवाद्ये बनवणाऱ्यांचे कठीण रोगण चढवी, टोक तिरके छाटलेल्या हत्याराने रोगण खरवडी, मग उघडे तांबे तेजाबाला खाऊ देई. हात जरा वळवला, की रेघ फुगे, पुन्हा निमुळती होई. उमरावाच्या फरच्या झग्याची घडी याच रेघेने पडली आणि कुबड्यांवर रेललेल्या भिकाऱ्याची चिंधीही याच रेघेने लोंबली. कारागिराने हात आखडला नाही. फरक एकच : उमरावांच्या मागे देखावा आहे, भिकाऱ्यांच्या मागे बहुतेक कोरा कागद. पाहणाऱ्याची नजर पळून जायची कुठे?

वेषाचे नमुने म्हणून ही चित्रे उपयोगी आहेत, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावर थांबणारी नजर मला परवडत नाही. मी शाळामास्तर आहे. दिवाळीच्या सुटीनंतर वर्ग भरतो, नवे सदरे मिरवतात आणि जुन्या सदऱ्यातला एखादा पोरगा मुकाट्याने मागच्या बाकावर सरकतो. त्याला कोणी हटकलेले नसते. आमच्या नजरेनेच ते काम केलेले असते.

रसिकांनी ही चित्रे खुशाल कपडेपटात टाकावीत. मी तो कप्तान वर्गाच्या भिंतीवर लावणार आहे.