खमीर, रोजा आणि नोबेल

रमजान लागला की वाशीमपासून कारंज्यापर्यंत मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो: 'रोज्याने कर्करोग बरा होतो; या शोधाला नोबेल मिळाले.' आषाढी एकादशीला तोच संदेश उपवासाच्या नावाने येतो.

नोबेल मिळाले हे खरे. पण ते यीस्टवरच्या संशोधनाला. यीस्ट म्हणजे नानच्या पिठातले खमीर. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी या पेशींना उपाशी ठेवले. पेशीतल्या रिक्तिकेत जुनी प्रथिने मोडणारी विकरे असतात. ती नसलेले यीस्ट त्यांनी निवडले. काही तासांतच रिक्तिका न मोडलेल्या पुडक्यांनी भरून गेली. आपलेच जुने सामान बांधायचे, मोडायचे आणि निघालेल्या अमिनो आम्लांतून नवी प्रथिने घडवायची, ही पेशीची रीत त्यातून उघड झाली. १९९२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले; पुढे त्यामागची जनुकेही शोधली. २०१६ चे नोबेल त्यासाठी. त्यात माणसाचा रोजा नव्हता, कर्करोगाचा इलाजही नव्हता.

हा फरक महत्त्वाचा आहे. असा संदेश वाचून एखादे मधुमेही चाचा गोळ्याच बंद करतील. कुरआनने तर आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावे.

रोजा ही इबादत आहे, उपवास ही श्रद्धा. दोन्हींना नोबेलच्या शिक्क्याची गरज नाही. संदेश पुढे पाठवण्याआधी थोडा सबर करावा. तोही रोजाच शिकवतो.