बोअर आणखी खोल मारण्याआधी

पोस्ट थोडी मोठी आहे, पण पाण्याची आहे म्हणून वाचा.

जुन्या बोअरचं पाणी पिण्यालायक नाही असा रिपोर्ट आला की आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, आणखी शंभर-दोनशे फूट खोल जा. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या फ्लोराइडच्या गावांचं काय? पोरांच्या दातांवर तपकिरी डाग, म्हाताऱ्यांचे सांधे आखडलेले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५.

जमिनीखालचं पाणी चालत असतं आणि चालता चालता खडकाशी देवाणघेवाण करतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर फ्लोराइड आटोक्यात राहतं. खोलवर बरीच वर्षं मुरलेल्या पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतं आणि मग खनिजातलं फ्लोराइड पाण्यात उतरायला मोकळं. म्हणजे खोल बोअर कधी कधी जास्त वाईट पाणी देते. नायट्रेटचं उलटं असतं. ते खतातून, शौचखड्ड्यांतून वरून झिरपतं. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. दोन्हींवर एकच इलाज कसा चालेल?

हे आधी ताडायचं शास्त्र आहे. पाणी कुठून कुठे जाईल ते मॉडफ्लो सांगतं, वाटेत कोणती रासायनिक क्रिया होईल ते फ्रीक्सी. दोन्ही सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, आणि चक्क फुकट. साधा संगणक पुरतो. कमी आहे ती शिकवणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची.

कुणी म्हणेल, संगणकाचं मॉडेल म्हणजे पोपटवाल्याचं भविष्य. अर्धं खरं आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाट काढतं, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. पण म्हणूनच मोजमाप हवं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजतेच आहे. अंदाज त्या नोंदींशी ताडून बघायचा, चुकला तर दुरुस्त करायचा. पोपटवाला हे करत नाही.

न तपासता खोदल्याची किंमत बांगलादेशने मोजली. १९७० च्या दशकात हगवण-कॉलरा टाळायला तिथे लाखो कूपनलिका मारल्या. हेतू चांगलाच होता. पण आर्सेनिक कुणी तपासलंच नाही. जमिनीतल्या सेंद्रिय गाळामुळे लोहाचे थर विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात येतं, हे नंतर कळलं. तोवर लोक वर्षानुवर्षं तेच पाणी पीत होते.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या मुलांना हे शिकवा. प्रकल्पाला आपलाच तालुका द्या. नवी बोअर मंजूर करताना खोलीसोबत रसायनही विचारा.

आणि तुम्ही? ग्रामपंचायतीत जाऊन पाण्याचा शेवटचा रिपोर्ट मागा. फ्लोराइड, नायट्रेट, कॅल्शियम, हे तीन आकडे बघा. आकडेच नसतील, तर भांडायला मुद्दा मिळाला.