मोजणाऱ्या बाईच्या कामाचा आकडा

आज 29 जून, सांख्यिकी दिन. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्म 1893 साली याच दिवशी झाला आणि 2007पासून देशभर हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो. आज कार्यालयाकार्यालयांत भाषणे होतील, मोठ्या पडद्यावर डॅशबोर्ड झळकतील. आम्हाला काळजी आहे ती त्या पडद्यापासून कोसभर लांब वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या बाईची.

अंगणवाडीत काट्याला झोळी टांगलेली असते. पोर पाय झाडते, काटा थरथरतो. सेविका तो थांबायची वाट बघते आणि वजन लिहून घेते. मूल तीव्र कुपोषित निघाले तर तिने आपले काम चोख केले, असाच त्याचा अर्थ. पण आढावा बैठकीत चारचौघांसमोर 'तुमच्याच गावात एवढी कशी?' असे ऐकावे लागले, की पुढच्या महिन्यात काटा थरथरत असतानाच वरचा आकडा धरायचा मोह होतो. तिला दोष द्यायला आमची जीभ वळत नाही. बँकेची शाखा घ्या, कारखान्यातली शिफ्ट घ्या, तऱ्हा हीच. वाईट आकडा घेऊन येणाऱ्याशी साहेब कसे बोलतात, यावर त्या संस्थेत खरा आकडा टिकतो की नाही हे ठरते.

आकडा आधी मोजणाऱ्याच्या कामी यायला हवा, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने फार आधी ओळखले. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे कळायला मिनिटातले श्वास मोजावे लागतात. गावातल्या कितीतरी सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू सरेपर्यंत किती मणी सरकले, त्यावरून औषध द्यायचे की नाही हे तिला तिथल्या तिथे समजे. तो आकडा आधी तिच्या कामी येई, वरचे अहवाल नंतर. पुढे 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तुलनेसाठी 47 गावे होती. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी आधी एकेक जन्म आणि एकेक मृत्यू न लपवता लिहावा लागला.

मोजणाऱ्यावर विश्वास टाकायचा म्हणजे तपासणी सोडायची असे नव्हे. महालनोबीस एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने काढत आणि दोन वेगळ्या तुकड्यांकडे देत. उत्तरांत किती तफावत पडते, त्यावरून चूक किती असेल याचा अंदाज येई. त्यात कुणाची झडती घेतल्याचा भाव नव्हता.

आजचा समारंभ आटोपला की अधिकाऱ्यांनी एका सेविकेला फोन लावावा. वजन कमी का भरले, हे विचारू नये. त्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात खाट मिळाली का आणि न्यायला गाडी आली का, एवढेच विचारावे.